पाच रियालांची माळ

मालवणला जाण्याचं माझं कारण समुद्र नव्हतं, मासे तर नव्हतेच. निदान घरी मी तसं सांगितलं. खरं कारण होतं आमच्या शाळेचे कारकून सारंग. मार्चमध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ आले आणि म्हणाले, "सर, देवबागला माझी आत्या असते. तिच्याकडे रुप्याच्या पाच नाण्यांची माळ आहे. त्यावर अरबी अक्षरं आहेत. पाचातलं एक खोटं आहे असं ती म्हणते. कुठलं, ते आता तिला ओळखू येत नाही. वैशाखात नातीचं लग्न. त्याआधी तेवढं शोधून द्यायला कुणीतरी माणूस हवा."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तुम्ही जुनंपुराणं वाचता ना!"

बावीस वर्षं संस्कृत शिकवल्याचा हा परिणाम. न कळणारी एक भाषा ज्याला येते, त्याला न कळणाऱ्या सगळ्याच येत असणार, असा आपल्याकडे समज आहे. मी सारंगांना घेऊन मुल्लाणी सरांकडे गेलो. सर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. गेली पंधरा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी रंकाळ्यावर एकत्र फिरतो आणि एकत्रच भांडतो. जुन्या नाण्यांचं वेड त्यांना चाळीस वर्षांचं. हाताखालून गेलेल्या प्रत्येक नाण्याची नोंद ते एका जाडजूड वहीत करतात: धातू, वजन, साल, टांकसाळ म्हणजे नाणं पाडलं ते गाव, आणि शेवटी शेरा. शेरा बहुतेक वेळा एकाच शब्दाचा असतो. खरे, किंवा खोटे.

सारंगांचं बोलणं ऐकून सर खुर्चीत पुढे सरकले. "समुद्रकाठचं घर म्हणता? अरबी अक्षरं? शास्त्रीबुवा, ही आदिलशाही लारी असणार!"

लारी म्हणजे चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर अक्षरं उठवलेलं जुनं नाणं. दिसायला बायकांच्या केसातल्या आकड्यासारखं. कोकणच्या बंदरांत ते एके काळी चालत असे. सरांनी लारी आयुष्यात दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा काचेच्या आड.

"आकड्यांची माळ कशी होईल?" मी विचारलं.

"तुम्ही तिकिटं काढा," सर म्हणाले.

परीक्षा आटोपल्या आणि एप्रिलच्या मध्यावर मी आणि सर निघालो. कोल्हापूरहून सकाळची मालवण गाडी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली अशी जाते. तिकीट वीस रुपयांच्या आतबाहेर. खिडकी कोणत्या बाजूची धरावी असं मला तिकडे जाणाऱ्या दोघातिघांनी विचारलंय. घाटात दरी सारखी बाजू बदलते आणि आपण ज्या बाजूला नसतो त्याच बाजूला ती सुंदर असते, एवढंच मी सांगू शकतो. दाजीपूरला चहा घ्यावा. तिथपर्यंत अंगावर स्वेटर चालतो. घाट उतरला की हवा अंगाला चिकटते आणि स्वेटर पुढचे चार दिवस पिशवीत ओझं म्हणून राहतो.

सरांच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती. आत भिंग, छोटा तराजू, मापाचा चिमटा आणि काळ्या मखमलीचा तुकडा. कंडक्टरनं पेटीकडे बघून विचारलं, "डाक्टर काय?"

"वैद्य," मी म्हणालो. "पण फक्त चांदीचे."

कणकवलीला गाडी अर्धा तास थांबली. स्टँडवरची भजी गरम होती, चहा तितका नव्हता. कसालला हमरस्ता सोडला आणि लाल मातीचा धुरळा खिडकीतून आत येऊन बसला, आमच्याआधी तिकीट काढल्यासारखा. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, पिवळी-तांबडी बोंडं, त्यांचा तो गोड-आंबूस वास. मालवणला पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर होती. स्टँडजवळ दोन खाटांची खोली पंचवीस रुपयांत मिळाली. खालीच खाणावळ. तिथे मी घरी दिलेल्या शब्दाला जागून शाकाहारी ताट मागितलं.

मालकानं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "शाकाहारी? मगे मालवणाक कित्याक इलास?"

मी ताट बदलून घेतलं. सुरमईचं ताट आठ रुपये. घरी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या परिच्छेदावर जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढे चालत देवबागला निघालो. देवबागला जाणारी गाडीही आहे, पण ती कधी येते हे तिची वाट पाहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. चालणंच बरं. डाव्या हाताला कर्लीची खाडी, उजव्या हाताला समुद्र, आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी, माडांच्या मुळांनी धरून ठेवलेली. सुरूच्या झाडांतून वारा वाहतो त्याचा आवाज पाण्यासारखा येतो, आणि खरं पाणी दोन्हीकडे गप्प असतं. सर वाळूत बूट घालून चालत होते. शंभर पावलांवर त्यांनी ते काढले आणि पेटीबरोबर काखेत घेतले.

पार्वतीआत्यांचं घर खाडीच्या अंगाला. मांगरात, म्हणजे बाजूच्या खोपटात, जाळी वाळत घातलेली, अंगणात सुकत घातलेले बांगडे आणि त्यांच्यावर पहारा करणारं एक अत्यंत बेजबाबदार मांजर. आत्या ओटीवर बसल्या होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, पाठ ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध उतरलेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. कमरेला काथ्याच्या दोरीत ओवलेल्या दोनचार चाव्या.

"येवा, बसा," त्या म्हणाल्या. "सुमन, पाणी हाड गो. नि गूळ."

सुमन त्यांची नात. बालवाडीत शिकवते. वडील मुंबईला गोदीत कामाला, आई त्या दिवशी लग्नाच्या खरेदीसाठी मालवणला गेलेली. सुमन आजीशी मालवणीत आणि आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलत होती, आणि दोन्हींत सारखीच भराभर.

बोलायला सुरुवात कुठून करावी म्हणून मी आपलं विचारलं, "यजमान घरी नाहीत वाटतं?"

सुमनच्या हातातला तांब्या थांबला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "दर्यार गेलेत."

"असं! कधी परतायचे?"

"बगूया," आत्या म्हणाल्या.

पाण्याबरोबर गूळ खाता खाता मला सुमननं हळूच सांगितलं. आजोबा अरबस्तानाकडे जाणाऱ्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुखिया, होते. कौलं आणि काथ्या न्यायचे, खजूर आणायचे. चार वर्षं दर फेरीला एकेक नाणं आजीला आणून दिलं. पाचव्या फेरीला गलबत परत आलं नाही. पण पाचवं नाणं आलं, कुणा खलाशाच्या हाती. त्यानंतर काहीच नाही. याला पन्नासेक वर्षं होत आली.

मी गुळाचा खडा बराच वेळ चघळत राहिलो. संस्कृत व्याकरणात भूतकाळाचे तीन प्रकार मी शिकवतो. या घरात त्यांतला एकही चालत नव्हता.

"आजी म्हणते एक खोटं आहे," सुमन म्हणाली. "आजोबांना कुणीतरी परमुलखात फसवलं असणार. सोनार म्हणाला, पाचही चांदीच आहेत, आणखी काय पाहिजे तुम्हाला? पण आजी ऐकत नाही. आणि चूक माझीच आहे."

"तुझी कशी?"

ती उठली, आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि सरांच्या पुढ्यातल्या काळ्या मखमलीवर माळ ठेवली. पाच नाणी, प्रत्येकाला कडी डाखलेली, लाल दोऱ्यात ओवलेली. सगळी सकाळीच दुकानातून आणलेल्या वाट्यांसारखी लखलखत होती.

सरांनी डोळे मिटून घेतले. "धुतलीत?"

"सोलां नि राख लावून," सुमन अभिमानानं म्हणाली, आणि सरांचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "दिवाळीत पहिल्यांदा धुतली. मग तुम्ही येणार म्हणून काल परत."

सोलां म्हणजे आमसुलं. कोकणातल्या घरात तांब्या-पितळेची, चांदीची प्रत्येक वस्तू सणाला आमसुलानं घासली जाते. पाहुण्याला काळवंडलेली वस्तू दाखवणं हा त्याचा अपमान. नाणी पारखणाऱ्याची गोष्ट उलटी. चांदीवरचा काळा थर म्हणजे तिच्या वयाचा दाखला. तो अक्षरांच्या बेचक्यांत कसा साचलाय यावरून नाणं बोलतं. इथे दाखला धुऊन गेला होता आणि त्याच्याबरोबर अक्षरांची थोडी कातडीही.

"त्यातलं एक आधी जरा जास्त काळं होतं," सुमन म्हणाली. "आजी त्यावरूनच ओळखत असणार. मला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या दिवशी तिनं माळ हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मग खिडकीपाशी गेली, आणि परत डब्यात ठेवली. तेव्हापासून तिनं ती घातलेली नाही. रागावलीसुद्धा नाही हो."

"रागावान काय करूचा?" ओटीच्या दुसऱ्या टोकावरून आत्या म्हणाल्या. त्यांचे कान उत्तम होते. "चेडवान मायेन घासल्यान. तुमी बगा, मास्तरांनू. माका त्यो एक रुपयो खंयचो तेवढां सांगा."

सरांनी भिंग काढलं. पहिलं नाणं उचललं, आणि लारीचं स्वप्न तिथेच संपलं. हे गोल होतं, आपल्या जुन्या रुपयाएवढं. एका बाजूला एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तलवारी आणि खजुराची झाडं, भोवती अक्षरं. सरांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचलं. "रियाल. साल हिजरी १३५४. म्हणजे इसवी १९३५-३६." मग नाणं जरा उजेडाकडे धरलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि टांकसाळ... मक्का."

"काय म्हणाले?" आत्यांनी विचारलं.

"मक्केत पाडलेलं नाणं आहे, आत्या," मी म्हणालो. "सरांच्या धर्मातलं सगळ्यात मोठं क्षेत्र."

आत्या थोड्या गोंधळल्या. "अगो बाये! नि मी पन्नास वर्सां लक्ष्मीबरोबर पुजतंय. चलता मां, मास्तरांनू?"

"चालतं म्हणजे?" सर म्हणाले. "चाळीस वर्षं मी तिकडे जायचं म्हणतोय. तुमच्याकडे ते घरपोच आलं." त्यांनी नाणं खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवलं. मी थट्टा करणार होतो, केली नाही.

मग तपासणी सुरू झाली. पाचही नाण्यांवर तीच अक्षरं, तेच साल, त्याच तलवारी. म्हणजे वाचून काही उपयोग नव्हता. चांदी सोनारानं पाहिलेलीच होती. नाणं दगडावर टाकून आवाज ऐकावा, तर कड्यांमुळे पाचही घसा बसल्यासारखी वाजत होती. वजन करावं, तर कड्या कमीजास्त. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडलेलं असतं. खोटं साच्यात चांदी ओतून केलेलं. ओतीव नाण्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, पण राखेनं तीही बुजवून गुळगुळीत करून टाकली होती. दुपारपर्यंत सरांची मान आखडली. ओवलेल्या क्रमातल्या दोन नंबरच्या नाण्यावरची अक्षरं जास्त झिजलेली वाटत होती, म्हणून ते दोनदा त्याच्यापाशी आले आणि दोनदा परत गेले.

मी मध्येच आठवण म्हणून माझ्या वहीच्या पानाखाली त्याच क्रमानं एकेक नाणं ठेवून वरून पेन्सिल घासली आणि पाचही ठसे उतरवून घेतले. चित्रकलेत मला शाळेत कधीच गती नव्हती. हे मात्र छान जमलं.

सुमननं जेवायला वाढलं. उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, सोलकढी. सर सोलकढीच्या वाटीकडे बघून म्हणाले, "हेच ते, ज्यानं माझी नाणी खाल्ली."

"पियून बगा," आत्या म्हणाल्या. "राग जातलो."

राग गेला, पण नाणं काही सापडलं नाही. "दोन नंबर असेल," सर उठताना मला म्हणाले, "पण असेल म्हणून सांगणार नाही. आत्यांनी 'बहुधा' विचारलेलं नाही."

आत्या म्हणाल्या, "फाल्या येवा. इतकी वर्सां थांबलंय, एक दीस काय जास्त नाय." पण त्यांनी डबा मांडीवर ओढून घेतला आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं, ते आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत तसंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघायचा बेत होता. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते, भरली की सुटते, उन्हं चढायच्या आत जावं आणि डोक्याला काहीतरी बांधावं. हे सगळं मला होडीवाल्यानं सांगितलं. मी धक्क्यावर उभा होतो, होडी भरत आली होती, आणि सर बूट वाळूतून कसे वाचवावेत याचा विचार करत होते. वेळ घालवायला म्हणून मी वही उघडली.

आमच्या संस्कृतात एकाच ग्रंथाची दहा हस्तलिखितं सापडली की प्रश्न येतो, कोणतं कशावरून उतरवलं? शुद्ध मजकुरावरून ते कळत नाही. तो सगळ्यांतच सारखा असतो. कळतं चुकांवरून. दोन प्रतींत एकाच जागी तीच वेडीवाकडी चूक सापडली, तर एक दुसरीची नक्कल आहे, याबद्दल शंका घ्यायला नको. तीन नंबरच्या ठशात डावीकडच्या तलवारीच्या टोकाशी एक खोच होती. नाणं कधीतरी दगडावर आपटलं असेल, तशी. ती टोकाला छेदून शेजारच्या अक्षरात थोडी घुसली होती. आणि पाच नंबरच्या ठशात अगदी तीच खोच, त्याच तलवारीला, त्याच अक्षरात, तेवढीच.

दोन नाणी वेगवेगळ्या वेळी दगडावर पडतील. पण दोघांना एकाच जागी एकसारखं लागणार नाही.

"सर," मी म्हणालो, "दोन नंबर नाही."

त्यांनी वही घेतली, खिशातून भिंग काढलं आणि तिथेच, धक्क्यावर, कोळणींच्या टोपल्यांमध्ये उभं राहून पाहिलं. "कुठली मूळ?"

"तीनमध्ये खोचेच्या कडा धारदार आहेत. पाचमध्ये गोल, भरून आल्यासारख्या. मूळ प्रतीतली चूक जोरात असते, नकलेतली आज्ञाधारक."

"बावीस वर्षं फुकट नाही घालवलीत," सर म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांनी केलेली ही माझी पहिली स्तुती. होडी आमच्याशिवाय सुटली. त्यामुळे किल्ल्याबद्दल मी एवढंच लिहू शकतो की तो धक्क्यावरून अतिशय सुंदर दिसतो.

देवबागला पोचलो तेव्हा आत्या ओटीवरच होत्या, डबा शेजारी. सरांनी पाच नंबरचं नाणं भिंगाखाली धरलं, खोच पाहिली, मग कडेला नखानं चाचपलं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली पुसटशी शिवण, कानशीनं घासलेली. काल ती होतीच. कुठे बघायचं हे आता कळलं होतं. त्यांनी दोऱ्यातून ते नाणं सोडवलं आणि आत्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे," सर म्हणाले. "बाकी चार खरी. आणि हे अरबस्तानात झालेलं नाही, आत्या. हे तुमच्याच तीन नंबरच्या नाण्याचा साचा काढून ओतलंय. म्हणजे जिथे तुमची माळ होती, तिथेच जवळपास."

सुमन म्हणाली, "असं कसं होईल? हे तर आजोबांनी पाठवलेलं."

आत्या अंगठा नाण्यावर फिरवत राहिल्या, खोच सापडली तिथे थांबल्या. मग त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. "कडी सुटली म्हणान नेल्यान त्यो तिसरो!" त्या म्हणाल्या. "आठ दीस सोनाराकडे होतो. ही म्हातारी माजी!"

"कोण म्हातारी?" मी विचारलं.

"सासू."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या विशीच्या, पदरात वर्षाचं मूल. गलबत आलं नाही. भोवतालच्या बंदरांत विचारून झालं. वाडीतले वडीलधारे ओटीवर येऊन बसले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग बायकोचं कुंकू पुसायचं अशी रीत. पण ते म्हणाले, बरोबरच्या दोन होड्यांनी गलबत फुटलेलं पाहिलंय, आता वाट कसली बघायची? बांगड्या फोडा.

"तेव्हा सासू घरातसून भायर इली," आत्या म्हणाल्या, "नि ह्यो रुपयो तेंच्यासमोर टाकल्यान. म्हणाली, माजो झील जितो आसा. दर वर्सासारखो ह्यो धाडल्यान, काल रत्नांगिरीचो एक खलाशी देवन गेलो. आता कोण माज्या सुनेच्या बांगड्येक हात लावता तां बगतंय. सगळे उठान गेले."

"आणि तुम्ही?"

"मी चार दीस खरां मानलंय. रडलंय, हसलंय. मगे एक दीस बगलंय तर सासूच्या कमरेचो रुप्याचो छल्लो नाय. चावये काथ्याच्या दोरयेत. इचारलंय तर म्हणाली, खाडयेत पडलो." त्यांनी स्वतःच्या कमरेच्या दोरीला हात लावला. "हीच ती दोरी नाय, पण तशीच. ती मरासर दुसरो छल्लो केल्यान नाय."

"आजी," सुमनचा आवाज बदलला होता. "म्हणजे आजोबांनी पाठवलाच नाय? नि तुका म्हायत होता? मगे तू हे कुकू..."

"सासून लावूक सांगल्यान. मी तिचा ऐकलंय."

"बारा वर्षं झाल्यावर?" मी विचारलं.

"बारा झाली तेव्हा म्हणाली, आणखी बारा बगूया. ती झाली तोपर्यंत इचारणारेच मेले." आत्या पुन्हा हसल्या. "आमी दोघी वीस वर्सां एका चुलीर रांधलंव. तिना कधी सांगल्यान नाय, मी कधी इचारलंय नाय. मासो चिरताना, भात कांडताना वाटायचा, आता सांगतली. नाय सांगल्यान. पण कडी सुटल्याची ती थाप माका ठावक नव्हती हां. ती तुमी सांगितलात."

सुमन डोळे पुसत आजीजवळ सरकली. "आता ह्यो खाडयेत टाकूचो काय? खोटो माळेत नको म्हणानच मां तू..."

"खाडयेत? खुळी काय?" आत्यांनी मूठ मिटली. "चार तुका. तुज्या आज्यान कष्टान हाडल्यान, खरे आसत, मानान घाल. ह्यो माका. तू सगळे धुतलंस, माका दिसणा नाय, नि वाटायचा, चुकान तुज्याबरोबर ह्यो गेलो तर? माज्याकडे खंयचो ऱ्हवतलो? म्हणान मास्तरांक बोलावलंय." एवढं बोलून त्यांनी कमरेची दोरी सोडली. चाव्या ओच्यात काढून ठेवल्या, बोटांनी चाचपत नाण्याची कडी दोरीत ओवली, मग एकेक चावी परत ओवली आणि गाठ मारली. उठून उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या. चाव्यांवर चांदी वाजली.

"आता घासलास तरी चलात," त्या नातीला म्हणाल्या. "वाजता मां."

निघताना सरांनी फी घ्यायला नकार दिला. आत्यांनी मग आमच्या दोघांच्या पिशव्यांत आमसुलांचे पुडे भरले. सरांनी हात जोडून सांगितलं, "खाईन. घासणार नाही."

परतीच्या वाटेवर कणकवलीला भजी गार होती, चहा गरम. घाट चढताना दरी पुन्हा नेमकी दुसऱ्या बाजूला होती. जाणाऱ्यांसाठी सांगतो: दोन माणसांचा चार दिवसांचा सगळा खर्च अडीचशेच्या आत बसतो, मालवणचा खाजा घरच्यांसाठी आणावा, आणि किल्ला पहिल्याच सकाळी उरकून घ्यावा, कारण पुढे काय वाट्याला येईल ते सांगता येत नाही. घरी सुरमईबद्दल विचारणा झाली. खाणावळीचं बिल मी शर्टाच्या खिशातच विसरलो होतो.

वैशाखात सारंग लग्नाला जाऊन आले. चार रियाल सुमनच्या गळ्यात छान दिसत होते म्हणाले, आणि आत्या मांडवात कुठे आहेत हे सगळ्यांना न बघता कळत होतं.

एवढ्यातच एका संध्याकाळी सरांना फिरायला न्यायला गेलो होतो. ते आत सदरा बदलत होते आणि टेबलावर त्यांची ती जाड वही उघडी होती. पान देवबागचंच. पाच ओळी, त्यांच्या सरळ, बारीक अक्षरांत. धातू पाचांनाही चांदी. साल चारांना १३५४. पाचव्याचं साल ठाऊक नाही, तिथे आडवी रेघ. शेऱ्याच्या रकान्यात चार वेळा 'खरे', आणि पाचव्या ओळीत शेरा कोराच. मी बोट मागे, टांकसाळीच्या रकान्याकडे नेलं. मक्का, मक्का, मक्का, मक्का. आणि त्याखाली, शाई जरा जास्त दाबून: देवबाग.